यंत्राच्या स्मरणाची झडती



गिरगावात खोताच्या वाडीत राहणाऱ्याला लाकडाची पारख आपोआप येते. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत यांच्या जमिनीवर वसलेल्या या वाडीतला खांब वरून शाबूत दिसतो, पण वाळवीने तो आतून पोखरला आहे की काय, हे ठोकून आवाज ऐकल्यावाचून कळत नाही. याच वाडीत शाळकरी वयात मी एका यंत्राला अशीच स्वतःची परीक्षा घेताना पाहिले. मी कॉलेजात गेलेला माणूस नव्हे. जे सांगतो ते विचारून आणि वाचून मिळवलेले आहे.

१९८२ साल गिरणगाव विसरणार नाही. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्याच वर्षी २३ एप्रिलला इंग्लंडात क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी 'स्पेक्ट्रम' हा घरगुती संगणक १२५ पौंडांपासून पुढे विक्रीस काढला. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेल्या आणि १९६० मध्ये कामाला लागलेल्या 'टिफ्रॅक' या संगणकाचे स्मरण ४० अंकस्थानांच्या २०४८ शब्दांचे, म्हणजे आजच्या मापाने सुमारे दहा हजार बाइटांचे होते. स्पेक्ट्रमच्या लहान नमुन्यात १६,३८४ बाइट होते. दोन-तीन वर्षांनी आखातातून परतलेल्या एकाने वाडीत असा स्पेक्ट्रम आणला.

हे स्मरण म्हणजे विजेच्या सूक्ष्म साठ्यांची रांग. साठा गळतो, म्हणून सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या आत तो पुन्हा भरावा लागतो. एखादी चकती बिघडली की लिहिले एक आणि वाचले भलतेच, असे होते. म्हणून बटण दाबताच हे यंत्र आधी स्वतःची झडती घेई. प्रत्येक कप्प्यात 'दोन' हा आकडा लिही. त्या क्षणी काळ्या पडद्यावर बारीक तांबड्या रेघा चमकून जात. मग कप्प्यामागून कप्प्यात जाऊन एक वजा करी. तेथे शून्य येता कामा नये. पुन्हा एक वजा करी. आता शून्य आलेच पाहिजे. जेथे हिशेब चुकेल तेथे थांबून, स्मरण तेवढेच आहे असे ते मानून चाले.

पण मालकाला ते काहीच सांगत नसे! ४८ हजारांचे यंत्र १६ हजारांवर आले तरी पडद्यावर स्वागताची ओळ नेहमीचीच उमटे. जाणत्याने २३७३२ आणि २३७३३ हे कप्पे वाचून पाहिले तर सत्य कळे. धडधाकट यंत्र ६५५३५ सांगे, अधू झालेले ३२७६७.

शिवाय 'दोन'ची ही परीक्षाही अपुरीच. बाइटात आठ अंकस्थाने. दोन आणि एक लिहून खालची दोनच 'एक' होऊ शकतात की नाही हे कळते. वरच्या सहांपैकी एखादे कायमचे शून्यावर अडकले असेल तर ते बेमालूम पास होते. म्हणून दुरुस्ती करणारे वेगळा तपासणी-कार्यक्रम वापरीत. तो शून्य, २५५, ८५, १७० असे उलटसुलट आकडे लिहून वाचून पाही. पहिल्या सोळा हजारांत प्रत्येक अंकस्थानाला स्वतंत्र चकती असल्यामुळे चुकलेले स्थान कळले की गुन्हेगार चकतीही सापडे. उत्तम तपासणी-कार्यक्रम त्या संशयित स्मरणाचा आधारच घेत नसे; तो कायमच्या स्मृतीत राही आणि आकडेमोड प्रोसेसरच्या आतच करी. तपासनिसाने ज्याचा हिशेब तपासायचा त्याच्याच घरी मुक्काम करू नये, हे तत्त्व आम्हा संघटनेच्या माणसांना निराळे शिकवावे लागत नाही.

पुढे मी कामगारांत काम करू लागलो. एका कारखान्यात संगणकाने छापलेल्या पगारपत्रकात एका कामगाराचे ७२ तासांचे जादा काम ८ तास लागले. कचेरीतून उत्तर आले, "यंत्र चुकत नाही." मला वाडीतले यंत्र आठवले. ७२ आणि ८ यांत फरक ६४चा, म्हणजे नेमक्या एका अंकस्थानाचा. दोष स्मरणाचा होता की बोटाचा, हे सिद्ध झाले नाही. परंतु कामगाराने स्वतःच्या वहीत तासांची नोंद ठेवली होती. त्या वहीवर पैसे मिळाले.

१९८३ साली बँकांचे व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रीकरणाचा करार झाला. यंत्रे किती आणि कोणत्या कामाला, यावर त्या काळी मोठे वाद झाले, आणि पोटाच्या प्रश्नावर ते व्हायलाच हवे होते. पण यंत्राचा हिशेब कोण तपासणार, हा प्रश्न आम्ही फार उशिरा विचारला. मीही त्यात आलो.

आज हजेरी, पगार, भविष्यनिर्वाह निधी, सारे यंत्राच्या स्मरणात आहे. चुकीचा संभव मान्य करून कामाच्या आधी झडती देणारे ते जुने यंत्र मला प्रामाणिक वाटते. आपली उणीव ते गप्प राहून झाकते, एवढाच त्याचा दोष. म्हणून आपली मागणी दुहेरी असावी: तपासणी व्हावी, आणि तिचा निकाल ज्याच्या घामाचा हिशेब आहे त्याला कळावा. तोवर आपली वही फेकू नका.