मोओलेलो : हवाईतल्या एका वर्गाची गोष्ट

हवाई म्हटलं की आपल्याला समुद्र, फुलांच्या माळा आणि हुला नाच आठवतो. आज मात्र मी तुम्हाला तिथल्या एका शाळेत नेणार आहे. ऑगस्ट 2023 मध्ये माउई बेटावरचं लाहाइना गाव वणव्यात जळालं, ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. त्याच्या वरच्या टेकडीवर 1831 साली सुरू झालेली लाहाइनालुना ही शाळा आहे. आगीतून ती वाचली.

ती काढली अमेरिकन मिशनऱ्यांनी. हे लोक आपल्याला अगदीच परके नाहीत बरं का! ज्या अमेरिकन बोर्डाने 1819 मध्ये हवाईला माणसं धाडली, त्याच बोर्डाचे गॉर्डन हॉल 1813 मध्ये मुंबईत उतरले होते. 'ज्ञानोदय'सुद्धा त्यांच्याच मराठी मिशनचं. दोन्हीकडे पद्धत तीच : लोकांची भाषा शिका, छापखाना टाका, शाळा काढा. हवाईयन भाषा तोवर लिहिली जात नव्हती. तिला रोमन लिपीतली बारा अक्षरं मिळाली आणि लोक झपाट्याने वाचू लागले. 1834 पासून पुढच्या शतकभरात त्या भाषेत शंभराहून अधिक वर्तमानपत्रं निघाली.

लाहाइनालुना ही वरच्या इयत्तांची शाळा. शिकवायचे हवाईयनमध्ये. पहिल्या तुकडीत बरेच जण मोठे बाप्ये होते. डेव्हिड मालो तर चाळिशीला टेकलेला. तिथले एक शिक्षक शेल्डन डिबल यांनी 1830 च्या दशकात एक प्रयोग केला. दहा हुशार विद्यार्थी निवडले आणि बेटांच्या इतिहासाबद्दलचे प्रश्न क्रमाने लिहून त्यांच्या हाती दिले. म्हणाले, जा, सगळ्यात वयस्क, सगळ्यात जाणत्या माणसांना विचारून या. प्रत्येकाने आपापलं उत्तर लिहून आणायचं, मग सगळ्यांनी एकत्र बसून ती वाचायची, ताडून पाहायची, चुका काढायच्या. त्यातून 1838 मध्ये हवाईयन भाषेत इतिहासाचं पुस्तक छापलं गेलं. जुन्या धर्माबद्दल डिबलसाहेबांना अढी होती आणि ती पुस्तकात दिसतेच. पण पद्धत बघा ना. म्हाताऱ्यांना विचारणं हाच मुलांचा अभ्यास! इतिहासाला त्या भाषेत शब्दच 'मोओलेलो' आहे, म्हणजे बोलण्याची साखळी. पुढे मालो आणि याच शाळेतला सॅम्युएल कामाकाऊ यांनी जे लिहून ठेवलं, त्याशिवाय आज जुन्या हवाईबद्दल कुणालाच काही लिहिता येत नाही.

मग साखळी तुटली. 1893 मध्ये राणी लिलिउओकलानी यांना पदच्युत केलं गेलं आणि नव्या प्रजासत्ताकाने 1896 मध्ये कायदा केला : सरकारी असो की खाजगी, शाळेचं माध्यम इंग्रजी. नीट वाचलं तर यात भाषेवर थेट बंदी नाही. घरी बोला, चर्चमध्ये बोला, कोण अडवतंय? पण शाळेत हवाईयन बोललं म्हणून मार खाल्ल्याच्या आठवणी पुढे कितीतरी वृद्धांनी सांगितल्या. मार खाल्लेली मुलं आईबाप झाली तेव्हा त्यांनी आपल्या लेकरांशी इंग्रजीच बोलायचं ठरवलं. मला या सगळ्या इतिहासात इथे थांबायला होतं, कारण हा निर्णय त्यांनी मायेपोटी घेतला होता. 1980 च्या सुमारास अठरा वर्षांखालचे हवाईयन बोलणारे किती उरले होते? अंदाज पन्नासच्या आतले आहेत.

1978 मध्ये राज्यघटना बदलली. हवाईयन राजभाषा झाली, सरकारी शाळांत भाषा, संस्कृती, इतिहास शिकवणं राज्याचं कर्तव्य ठरलं. पण आठवड्यातल्या एखाद्या तासाने घरात भाषा परत येत नाही, हे आपल्यालाही ठाऊक आहे. म्हणून 1984 मध्ये काही पालक-शिक्षकांनी निव्वळ हवाईयनमधली बालवाडी काढली. 1987 मध्ये सरकारी शाळांत तसे वर्ग सुरू झाले. पहिली तुकडी दरवर्षी एक इयत्ता वर सरके आणि दरवर्षी पुस्तकं नाहीत! मग पालक इंग्रजी पुस्तकांत ओळींवर हवाईयन भाषांतराच्या पट्ट्या चिकटवत बसत.

लहानांचं एकवेळ भागतं. रसायनशास्त्र, बीजगणित, संगणक कसे शिकवणार? त्यासाठी शब्द घडवणारी समितीच बसली. संगणकाला 'लोलोउइला', म्हणजे विजेचा मेंदू. 1999 मध्ये पहिली तुकडी बारावी झाली.

आणि जुन्या बोलीचा नमुना कुठून मिळाला? 1972 मध्ये लॅरी किमुरा या तरुणाने रेडिओवर 'का लेओ हवाई' हा कार्यक्रम सुरू केला होता. (2019 मध्ये छायाचित्र निघालेल्या त्या पहिल्या कृष्णविवराला 'पोवेही' हे नाव देणारे हेच.) स्टुडिओत वृद्ध मंडळींना बोलवायचं आणि त्यांच्याच भाषेत विचारत राहायचं, कुठे वाढलात, काय खायचात, मासे कसे धरायचात. कार्यक्रम 1988 पर्यंत चालला. डिबलच्या विद्यार्थ्यांनी कागदावर केलं, तेच इथे टेपवर.

ती ध्वनिमुद्रणं आता हिलोच्या विद्यापीठाने 'कानिआइना' या संग्रहात सगळ्यांसाठी ठेवली आहेत. हा भाग तयार करताना मी त्यातली थोडी ऐकली. शब्द एकही कळला नाही. प्रश्न विचारला जातो, मग जरा वेळ शांतता, आणि मग आजीबाई जे सुरू होतात ते थांबतच नाहीत.