बेडक्याच्या डबीचा मागोवा

डिसेंबर 2016 मध्ये मुरबाड तालुक्यातलं धसई देशभर गाजलं, ते रोकडविरहित गाव म्हणून. दुकानादुकानात कार्ड घासायची यंत्रं आली. पण या परिसराचं नाव घेतलं की माझ्या डोळ्यांपुढे दुसरीच देवघेव येते: खोकल्याने खंगलेला माणूस, त्याच्या हातातली बेडक्याची डबी आणि निकालाची वाट.

डबीची गोष्ट 1882 पासूनची. त्या वर्षी 24 मार्चला रॉबर्ट कॉखने बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला. लगोलग त्सील आणि नीलसन यांनी तो रंगवायची रीत बसवली. बेडका काचपट्टीवर पसरायचा, लाल रंग ओतून खालून गरम करायचा, आम्लाने धुवायचा, मग निळा रंग. बाकी सगळं निळं होतं, जंतू तेवढा लाल राहतो. काच, रंग, सूक्ष्मदर्शक. मक्तेदारी कुणाचीच नाही. म्हणून ही तपासणी गरिबाला परवडली.

उणीव मोठी होती. एका मिलिलिटरमध्ये हजारो जंतू असतील तरच ते दिसतात. त्यात पुन्हा नमुने द्यायला फेऱ्या, म्हणजे तितकी मजुरी बुडाली. दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघून गेलेल्या कातकरी कुटुंबापर्यंत निकाल पोचवायचा कसा?

काचपट्टी विकून कुणाला नफा होणार नव्हता. बाजाराने वेगळी वाट धरली: रक्तातली प्रतिपिंडं मोजणारे किट. सुई टोचली, कागदावर आकडा आला, पैसे मोजले. निदान मात्र भरवशाचं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये अशा चाचण्या वापरू नका असं बजावलं, 2012 मध्ये भारत सरकारने त्यांवर बंदी घातली. त्या कागदांपायी किती घरांनी नाहक गोळ्या गिळल्या, किती खरे रुग्ण औषधाविना राहिले, याचा राग मला अजून येतो.

2010 मध्ये संघटनेने कार्ट्रिजवरच्या जनुकीय चाचणीला मान्यता दिली. दोन तासांत जंतूही कळतो आणि रिफाम्पिसिन हे औषध लागू पडेल का तेही. यंत्राला मात्र अखंड वीज हवी. गोव्यात वेर्ण्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट हे यंत्र बॅटरीवर चालतं. 2020 मध्ये त्यालाही मान्यता मिळाली. त्याच वर्षी चिप बदलून त्यावर कोरोनाही तपासला गेला. कोरोनाच्या आरटी-पीसीआर चाचणीला मार्च 2020 मध्ये खासगी प्रयोगशाळेत साडेचार हजारांपर्यंत दर होता. वर्षभरात महाराष्ट्र सरकारने तो टप्प्याटप्प्याने 500 रुपयांवर आणला. दर उतरवता येतात, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

सरकारी केंद्रात क्षयाची तपासणी फुकट आहे. तरी डबीत लाळ नको, सकाळी छातीतून खाकरून काढलेला बेडका हवा, हे पाड्यावर बसून समजावणारी आशाताई लागतेच. आणि पावसात ओढा भरला की डबी घेऊन उतरणारं कुणीतरी.