धूळपाटी आणि गुबार

नगरकडच्या माणसास धुळीची ओळख करून देण्याची गरज नाहीं. आमचा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतला. वैशाखांत दुपारीं वावटळ उठली कीं अंगणांतलें वाळवण, ओटीवरची चटई आणि बोलणाऱ्याची जीभ या सर्वांवर तिचा सारखाच थर बसतो. मात्र आज बोलावयाचें आहे तें तिच्या शब्दाविषयीं.

माणूस हरला कीं धूळ चाटतो, फसला कीं त्याच्या डोळ्यांत ती फेकलेली असते, संसार बुडाला कीं त्याची धूळधाण होते. पण तीच धूळ थोरांच्या पायांची असली कीं ती आमच्या घरीं झाडावी म्हणून आपण आर्जव करतों. गाईंच्या खुरांनीं उडाली कीं तिचा गोरज मुहूर्त होतो व त्यावर लग्नें लागतात. वाटेच्या धुळीनिशीं, पाय धुण्याआधींच घेतलेली भेट ती धूळभेट; आणि पावसाच्या भरंवशावर कोरड्या जमिनींत केलेली पेरणी ती धूळपेर. फारसींतल्या ‘खाक’पासून खाकी, म्हणजे धुळीच्या रंगाचा, हा शब्द आला. पोलिसाच्या अंगावरील गणवेशाचें नांव मूळ धुळीचें, हें चौकांत उभें असतां कोणाच्या ध्यानांत येतें?

माझ्या मतें या घराण्यांतला सर्वांत थोर शब्द धूळपाटी. माझे आजोबा तीवर शिकले. लांकडी फळीवर बारीक माती पसरावयाची, बोटानें वा काडीनें अक्षर काढावयाचें, चुकलें तर फळी हलवावयाची. चुकीची खूणसुद्धां उरत नसे. तांबड्या शाईंत ज्याचें आयुष्य गेलें त्या मास्तरास या सोयीचा हेवा वाटला तर नवल नाहीं. आमचे जुने गणिती अंकगणितास पाटीगणित म्हणत, आणि आंकडेमोड धुळींत होई म्हणून धूलिकर्म असेंही म्हणत. आपल्या अंकांबरोबर ही रीतही अरबांकडे पोंचली. अरबींत धूळ म्हणजे गुबार. म्हणून तेथें या गणितास ‘हिसाब-अल्-गुबार’ असें नांव पडलें. मोरोक्को व स्पेनकडे चालणारे अंक गुबारी म्हणून ओळखले गेले, आणि आपण ज्यांस इंग्रजी आंकडे म्हणतों ते त्यांचेच वंशज.

हाच गुबार पुढें आमच्या किल्ल्यांत आला. ९ ऑगस्ट १९४२ रोजीं मुंबईस पकडलेल्या काँग्रेस कार्यकारिणीच्या सभासदांस नगरच्या किल्ल्यांत आणून ठेवलें. मौलाना अबुल कलाम आझाद तेव्हां काँग्रेसचे अध्यक्ष होते. टपालांत पडणार नाहींत हें ठाऊक असूनही ते आपले स्नेही हबीबुर्रहमान खां शेरवानी यांस पत्रें लिहीत राहिले. १९४६ सालीं तीं पुस्तकरूपानें निघालीं, त्यांचें नांव ‘गुबारे खातिर’. खातिर म्हणजे मन. आपली खातरजमा त्याच शब्दाची. मनावर सांचलेली धूळ, म्हणजेच मनांतील मळभ, असा त्या नांवाचा अर्थ.

पुस्तकांत पहांटेच्या चिनी चहाचें कौतुक आहे. छतांत घरटीं बांधून खोलींत काडीकचरा पाडणाऱ्या चिमण्यांशीं छत्री व बांबू घेऊन केलेलें युद्ध आहे, आणि पुढें तांदूळ टाकून केलेला तहही आहे. हंसूं येतें, पण त्याच पुस्तकांत ११ एप्रिल १९४३ चें पत्र आहे. मौलानांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यास आजारी होत्या. सरकारला कांहीं कळवावयाचें असल्यास आपण तें पोंचवूं, असें तुरुंगाधिकाऱ्यानें सुचविलें. मौलानांनीं कांहीं मागितलें नाहीं. ९ एप्रिलला बेगम वारल्या.

१९४५ मध्यें मौलानांस नगराहून बांकुऱ्यास हलविलें व जूनमध्यें सोडलें. कलकत्त्यास स्वागताला लोटलेल्या लोकांनीं मोटार हारांनीं भरून टाकली. मौलानांस आठवलें कीं तीन वर्षांपूर्वीं निघतांना बेगम दारापर्यंत पोंचवावयास आल्या होत्या. त्यांनीं घरची वाट सोडून गाडी कबरस्तानाकडे वळवावयास सांगितली, त्या हारांतला एक उचलून कबरीवर ठेवला, आणि मुकाट्यानें फातिहा म्हटली.