पुढे म्हणणारी आणि मागून झेलणाऱ्या

भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेला बस धरली की मुर्धा, राई, मोर्वा अशी गावं मागे टाकत ती डोंगरीकडे जाते. पुढे उत्तन, पाली, चौक आणि मग समुद्र. हे सगळं मिळून जुनं धारावी बेट. मुंबईतल्या धारावीशी त्याचं नातं नावापुरतंच. १५३४ च्या तहाने वसई आणि साष्टीचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला, त्यात हेही गेलं. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत, १७३९ साली, वसई पडण्याआधी मराठ्यांनी धारावीचा किल्ला घेतला. चौकच्या टेकडीवर त्याच्या खुणा अजून आहेत. डोंगरीत बेथलेहेम माउलीचं चर्च आहे, आणि या पट्ट्यातल्या गावठाणांतून शेतकरी आणि कोळी ख्रिस्ती कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. घरातली बोली मराठीच.

या माणसांनी कायम गायलं. चर्चमध्ये गायलं, रस्त्याकडेच्या क्रुसापुढे गायलं, लग्नाच्या मांडवात तर रात्ररात्र गायलं. गाण्यावर पोट असलेलं त्यांत जवळजवळ कुणी नव्हतं. दिवसभर शेतात, होडीवर, नंतरच्या काळात मुंबईच्या कचेरीत राबायचं आणि संध्याकाळी गळा मोकळा करायचा. म्हणजे आजच्या भाषेत सगळे हौशी. चारचौघांत पहिला सूर लावताना आज हौशी गायकाचा घसा कोरडा पडतो, हात गार होतात, पाठ असलेली ओळ ऐनवेळी दगा देते. तेव्हाच्या माणसांचं काळीज काही वेगळ्या मातीचं नव्हतं. त्यांचीही छाती धडधडलीच असणार. मात्र त्या धडधडीची सोय गाण्याच्या रिवाजातच केलेली होती. हौशी गायकाच्या भीतीचा इतिहास बघायचा तर त्याच्या मनात शिरण्याआधी तो कुठे उभा होता आणि त्याच्या मागे कोण होतं, हे बघावं लागतं.

या ख्रिस्ती समाजाच्या, म्हणजे ईस्ट इंडियनांच्या, लग्नातलं ‘उंबराचं पाणी’ घ्या. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी घरची बाया-माणसं वाजतगाजत विहिरीवर जातात, पाणी भरून घेऊन येतात, आणि हा सगळा रस्ता गाण्याने भरलेला असतो. एक जाणती बाई ओळ टाकते, बाकीच्या ती झेलतात. व्याही, विहीण, करवल्या, नवरदेव, सगळ्यांची नावं गाण्यात गुंफली जातात, चेष्टा होते, कुणी चिडतं, कुणी उलटून उत्तर देतं. या मांडणीत एकटं गाणं असतं ते एका ओळीपुरतं. ओळ संपताच दहा-वीस गळे ती वर उचलतात आणि पुढे म्हणणारीला श्वास घ्यायला, पुढची ओळ आठवायला उसंत मिळते. विसरलीच, तर शेजारची लगेच सांगते, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. नव्या मुली वर्षानुवर्षं झेलणाऱ्यांत असतात. एखाद्या लग्नात जाणतीचा आवाज बसलेला असतो, कुणीतरी कोपराने ढोसतं, आणि त्यांच्यातलीच एक पुढे म्हणायला लागते. पहिली परीक्षा अशी चालता चालता होऊन जाते.

साथीला घुमट. मातीचं मडक्यासारखं हे वाद्य दोन्ही बाजूंनी उघडं असतं. रुंद तोंडावर घोरपडीचं कातडं ताणून बसवलेलं असे. वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदा आल्यावर घोरपडीला हात लावणं गुन्हा ठरला आणि पुढे बकऱ्याचं कातडं वापरात आलं. उजव्या हाताने कातड्यावर थाप मारायची आणि डाव्या तळव्याने मागचं अरुंद तोंड उघडझाप करत राहायचं, म्हणजे एकाच थापेतून कधी खोल हुंकार निघतो, कधी दबलेला ठोका. वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले, वाद्य पोटाशी धरलेलं. थरथरायला हातांना सवडच नसते. गोव्याने २०१९ मध्ये घुमटाला राज्याच्या वारसा वाद्याचा मान दिला, तो अगदी योग्य होता. उत्तर कोकणातल्या घुमटाची मात्र म्हणावी तशी दखल कुणी घेतलेली नाही, आणि ती घ्यायला हवी.

या गाण्यावर एकेकाळी वेगळीच भीती लादली गेली होती. गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, १७३६ मध्ये काढलेल्या फर्मानात लग्नप्रसंगी देशी वाद्यं वाजवायला आणि ओव्या म्हणायला ख्रिस्ती लोकांना मनाई केली. मनाई करावी लागली, यावरूनच कळतं की गाणी जोरात चालू होती. त्याच पोर्तुगीज राजवटीत, सव्वाशे वर्षं आधी, इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचलं होतं. १६१६ साली ते छापलं गेलं आणि चर्चमध्ये रविवारी, सणावारी जमलेल्या लोकांपुढे गायलं जाऊ लागलं. जवळपास अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ म्हणणाऱ्याला पोथीचा आधार होता आणि ऐकणाऱ्यांना चालीची ओळख. वसई पडल्यावर युरोपीय पाद्र्यांना मुलूख सोडावा लागला, देशी धर्मगुरू मागे राहिले. अशा वेळी गावाचं गाणं गावकऱ्यांच्या गळ्यावरच टिकतं.

क्रुसापुढच्या प्रार्थनेचीही हीच रीत. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, आणि त्या काळात मुंबई-साष्टीच्या गावठाणांतून कितीतरी क्रूस उभे राहिले. संध्याकाळी लोक तिथे जमत, एकजण संतांची नावं एकामागून एक घेई आणि प्रत्येक नावाला सगळे मिळून तेच उत्तर देत. दहा-बारा वर्षांच्या पोराला पहिल्यांदा एकट्याने आवाज लावायला देण्यासाठी याहून चांगली जागा नाही. चूक झाली तरी पुढच्या क्षणी जमावाचं उत्तर तिच्यावरून वाहून जातं.

हे फक्त ख्रिस्ती गावांपुरतं नव्हतं. वारकरी कीर्तनात बुवांच्या मागे टाळकरी उभे असतात, ते धृपद उचलून धरतात आणि बुवा श्वास घेतात. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हा शेतकऱ्यांची पोरं तिथे कीर्तन शिकायला येऊ लागली. ती आधी टाळ धरून मागे उभी राहतात आणि बुवांची जागा नंतर घेतात. मुंबईच्या गिरणगावात कोकणातल्या कामगारांनी चालवलेल्या भजनी मंडळांतही नमन, रूपाचा अभंग, गजर, गवळण असा क्रम ठरलेला. बुवा पेटीवर, शेजारी पखवाज, चकवा, मागे कोरस. नमनात सगळ्यांचे गळे एकत्र तापतात, मग बुवा सुटतात. डबल बारीत तर समोर दुसरा बुवा दंड थोपटून बसलेला असतो, श्रोते तोंडावर दाद देतात आणि तोंडावर हूटही करतात. पण मंडळ पाठीशी असल्यामुळे पाळी संपवून आलेला गिरणी कामगार त्या आखाड्यात बेधडक उतरे.

रागसंगीतातही शिष्य पहिल्यांदा लोकांपुढे येतो तो गुरूच्या मागे, तानपुरा घेऊन. गुरूने मान हलवली की एखादा सूर, एखादं आवर्तन म्हणायचं, पुन्हा गप्प. वर्षंच्या वर्षं अशी स्वरसाथ झाली की श्रोत्यांचे चेहरे ओळखीचे होतात, आणि सभाधीटपणा वेगळा शिकावा लागत नाही.

ही घडी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विस्कटायला लागली. १८७० मध्ये मुंबईत पारशी गायन उत्तेजक मंडळी निघाली, १८७४ मध्ये पुण्यात गायन समाज. गाणं शिकणं हे सुशिक्षित घरातल्या माणसाला शोभणारं काम आहे, असं या संस्थांनी ठासून सांगितलं, आणि त्यांचे हे उपकार मोठे आहेत. विष्णु नारायण भातखंडे वकिली शिकत असतानाच पारशी मंडळीत जाऊ लागले आणि तिथल्या उस्तादांकडून त्यांनी शेकडो चिजा घेतल्या. पुढे १९०१ मध्ये विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गाणं शाळेत आलं, वर्गात आलं, आणि मग रांगेतल्या खुर्च्यांपुढच्या व्यासपीठावर आलं. तिथे हौशी माणूस पहिल्यांदा खराखुरा एकटा पडला. समोर अनोळखी लोक, हातात कार्यक्रमपत्रिका, आणि मधे झेलणारं कुणी नाही.

संगीत नाटकाने यातून एक सुंदर वाट काढली होती. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘संगीत शाकुंतल’चा प्रयोग झाला. अण्णासाहेब किर्लोस्कर सरकारी नोकरीत होते, आणि नाटकाची उभारणी झाली तीही अशाच हौशी मित्रमंडळीत. प्रयोगाची सुरुवात नांदीने, म्हणजे सगळ्यांनी मिळून गायलेल्या गाण्याने. सूत्रधार स्वतः अण्णासाहेब. नांदी ही मंगलाचरणाची जुनी प्रथा खरी, पण नटाच्या दृष्टीने तिचं काम फार मोलाचं होतं: कापऱ्या आवाजाचा पहिला सूर समूहात मिसळून जाई, आणि स्वतःचं पद येईपर्यंत नाट्यगृहाचा घुमारा कानाला सरावलेला असे. आजही गावोगावच्या हौशी संगीत नाटकांत नांदीला सगळा संच विंगेतून धावत येतो, त्यात ही शहाणीव आहे.

रेडिओने आणखी एक दार उघडलं आणि त्याच दाराशी पहारेकरीही बसवला. स्टुडिओत श्रोता दिसत नाही, पण लाल दिवा लागला की चुकीला माघार नाही. बाळकृष्ण केसकर १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवर गायचं तर स्वरचाचणी द्यायची, हा नियम कडक झाला. श्रीकृष्ण रातंजनकरांकडे त्या समितीची धुरा होती. नावाजलेल्या कलावंतांनीही या चाचणीविरुद्ध आवाज उठवला, काहींनी बहिष्कार घातला. मैफल जिंकणाऱ्या माणसालाही परीक्षकापुढे बसणं झोंबलं. तेव्हापासून परीक्षा ही हौशी संगीताची सोबतीण झाली आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रवेशिकेला बसलेला पन्नाशीचा बँक कर्मचारी आणि ट्रिनिटीची व्हायोलिनची परीक्षा द्यायला निघालेली शाळकरी मुलगी, दोघांची पावलं खोलीच्या दाराशी सारखीच जड होतात. जिथे एकाला गुण द्यायचे असतात, तिथे झेलणाऱ्याला जागाच नसते.

ही भीती नवशिक्यांपुरती असते, हा समजही काढून टाकावा. जगातला थोर चेलोवादक पाब्लो कासाल्स १९०१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या डोंगरावर फिरायला गेला असताना वरून घरंगळलेल्या दगडाने त्याच्या डाव्या हाताचं बोट चिरडलं. त्या क्षणी मनात पहिला विचार आला तो सुटकेचा, आता पुन्हा वाजवायला नको, असं त्याने पुढे स्वतः सांगितलं. बोट बरं झालं, कासाल्स नव्वदी ओलांडेपर्यंत वाजवत राहिला, धडधड मात्र शेवटपर्यंत गेली नाही. पियानोवादक ग्लेन गूल्डने १९६४ मध्ये, ऐन तिशीत, जाहीर मैफली कायमच्या सोडल्या आणि रेकॉर्डिंगच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतलं. १९७० च्या दशकात लंडनच्या डॉक्टरांनी हृदयविकारावरची बीटा-ब्लॉकर औषधं तंतुवाद्य वाजवणाऱ्यांना देऊन पाहिली. हातांचा कंप कमी झाला, वादन सुधारलं. पाश्चात्त्य वाद्यवृंदांत ही गोळी मग सर्रास पोचली. एकट्या माणसाच्या भीतीवर एकट्यानेच घ्यायचा हा इलाज. तो उपयोगी आहे, पण दम्याच्या रोग्याला तो घातक ठरू शकतो, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये.

डोंगरी-उत्तनच्या चर्चमध्ये विसाव्या शतकात वेगळाच बदल झाला. १९०३ मध्ये पोप दहावे पायस यांनी काढलेल्या आदेशाने उपासनेच्या गायकवृंदात स्त्रियांना जागा नाकारली होती. उंच सुरांसाठी मुलगे घ्यावेत, असं त्यात म्हटलं होतं. ती मनाई पुढे सैल होत गेली, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ ला उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला तेव्हा लॅटिनच्या जोडीला लोकभाषेलाही दार उघडलं. वसई आणि साष्टीच्या चर्चमध्ये मराठी मिस्सा आली, पेटी आली, तबला आला. विहिरीच्या वाटेवर पुढे म्हणणाऱ्या बाईची भाषा आता वेदीजवळ चालू लागली. लॅटिनचे उच्चार चुकतील ही धास्ती संपली. गायकवृंदात शिरताना आवाज बरा आणि शनिवारी तालमीला यायची तयारी, एवढं पुरू लागलं.

मिरा-भाईंदर २००२ मध्ये महानगरपालिका झाली, आणि आता डोंगरीच्या आसपास हॉल आहेत, ध्वनियंत्रणा आहे, कराओके आहे. मुंबई-ठाण्याच्या उपनगरांत निवृत्त माणसांचे कराओके गट जोरात चालतात. वर्गणी काढून हॉल घ्यायचा, शब्द पडद्यावर, वाद्यवृंद यंत्रात. यंत्र कुणासाठी थांबत नाही. गाणाऱ्याची ओळ चुकली तर ते पुढे निघून जातं. म्हणून जाणते संयोजक नव्या सभासदाला पहिल्या दिवशी एकट्याचं गाणं देत नाहीत. द्वंद्वगीत देतात, आणि दुसऱ्या माइकवर असा माणूस उभा करतात ज्याला दोन्ही बाजूंच्या ओळी पाठ आहेत.