ठिणगीची तार

आठ सिलिंडरांच्या स्पोर्ट्स कारचे इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर त्यात दर सेकंदाला किती ठिणग्या पडत असतील? गणित सोपे आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांमागे प्रत्येक सिलिंडरला एक ठिणगी लागते. म्हणजे एका सिलिंडरला मिनिटाला ३०००, सेकंदाला ५० आणि आठांना मिळून सेकंदाला ४००. आता यांपैकी एका स्पार्क प्लगवरची तार सैल होऊन निसटली असे समजा. इंजिन बंद पडत नाही. ते हिसके देऊ लागते, जोर कमी पडतो, आणि त्या सिलिंडरमधले पेट्रोल न जळताच बाहेर जाते. गॅरेजमध्ये याला 'मिसिंग' म्हणतात. दुरुस्ती मिनिटभराची आहे: इंजिन बंद करून थंड होऊ द्यायचे, तारेला न ओढता टोपी धरून ती प्लगवर नीट दाबायची. 'टक्' असे जाणवले की झाले.

पण ही तार तिथे आली कशी? आणि इतक्या शक्तिशाली यंत्राचा जीव एवढ्याशा सांध्यात का अडकलेला असतो?

वायूचे मिश्रण ठिणगीने पेटवता येते हे अलेस्सान्द्रो व्होल्टाला १७७० च्या दशकातच माहीत होते. बंद भांड्यात ज्वलनशील वायू आणि हवा भरून विजेच्या ठिणगीने तो स्फोट घडवून दाखवत असे. त्या 'पिस्तुला'त इंजिनाचे बीज होते. पण अशी ठिणगी पुन्हापुन्हा, हव्या त्या क्षणी मिळवण्याचा मार्ग नव्हता. तो खुला केला १८३१ साली फॅरडेने. विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा हा धडा आपण शाळेत शिकवतो: चुंबकीय क्षेत्र बदलले की शेजारच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते. पहिल्या वेटोळ्यात थोडे जाड वेढे आणि दुसऱ्यात हजारो बारीक वेढे घेतले, तर पहिल्यातला प्रवाह एकदम तोडताच दुसऱ्यात हजारो व्होल्ट मिळतात. पॅरिसमधला उपकरणे बनवणारा कारागीर रुमकॉर्फ याने असे वेटोळे इतके उत्तम बनवले, की १८६४ साली नेपोलियन तिसरा याने ठेवलेले ५०,००० फ्रँकचे व्होल्टा पारितोषिक त्याला मिळाले. त्याआधीच, १८६० साली, लन्वारने आपल्या गॅसच्या इंजिनात हेच वेटोळे वापरून ठिणगी पाडली होती.

मग प्रश्न सुटला का? नाही. ही ठिणगी इतकी बेभरवशाची होती, की पुढच्या अनेक इंजिनकर्त्यांनी ती टाळलीच. ऑटोच्या १८७६ च्या प्रसिद्ध चार स्ट्रोक इंजिनात मिश्रण पेटवायला चक्क ज्योत होती. डाइमलरने बाहेरून तापवून लाल केलेली नळी वापरली. कार्ल बेन्झने मात्र विजेचाच हट्ट धरला. १८८६ साली पेटंट घेतलेल्या त्याच्या तीनचाकी मोटारीत विद्युतघट, वेटोळे आणि प्लग होते. प्रज्वलन हीच आपली सर्वांत अवघड समस्या आहे, असे तो मानत असे.

कारखान्याच्या अंगणात गाडी चालणे वेगळे आणि रस्त्यावर चालणे वेगळे. लोकांचा या वाहनावर विश्वास नव्हता आणि गिऱ्हाईक मिळत नव्हते. ऑगस्ट १८८८ मध्ये बेन्झची पत्नी बर्था दोन मुलांना बरोबर घेऊन, नवऱ्याला न सांगता, मानहाइमहून सुमारे १०० किलोमीटरवरच्या फॉर्झहाइमला निघाली. वाटेत इंधन संपले, ते तिने वीस्लोखच्या औषधाच्या दुकानातून घेतले. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने साफ केली. आणि प्रज्वलनाच्या तारेचे वेष्टन झिजून वीज भलतीकडेच जाऊ लागली, तेव्हा पायमोजा बांधायचा आपला पट्टा तिने तारेभोवती गुंडाळला. गाडी पुढे गेली. मोटारीच्या इतिहासातल्या पहिल्या लांब प्रवासाची ही हकीगत प्रसिद्ध आहे; पण तिच्यातल्या पट्ट्याकडे आपण गंमत म्हणून पाहतो. खरे तर ते अचूक निदान होते. तार तुटलेली नाही, वीज गळते आहे, आणि गळती थांबवायला विद्युतरोधक हवा, हे जिला कळले तिलाच तो पट्टा सुचला.

वीज गळते का, याचे उत्तर पुढच्याच वर्षी भौतिकशास्त्रातून आले. ठिणगी उडवायला लागणारे विभवांतर वायूचा दाब आणि फटीची रुंदी यांच्या गुणाकारावर ठरते, असे पाशेनने १८८९ साली दाखवले. सिलिंडरमध्ये ठिणगीच्या क्षणी मिश्रण दाबलेले असते, म्हणून प्लगची एक मिलिमीटरहूनही लहान फट ओलांडायलाही कित्येक हजार व्होल्ट लागतात. बाहेरची हवा साध्या दाबाची. तार झिजली, ओली झाली किंवा टोपी तडकली, की विजेला आत जाण्यापेक्षा बाहेरूनच लोखंडावर उडी मारणे सोपे पडते. जुन्या गाडीचे बॉनेट अंधारात उघडून पाहिले, तर या चुकार ठिणग्या निळसर चमकताना दिसत. टोपी किंचित सैल असेल तर आणखी एक प्रकार होतो: वीज टोपीतल्या फटीतून उडी मारून पुढे जाते. इंजिन चालत राहते, पण ती उडी धातूचे टोक हळूहळू जाळते. म्हणून आज थोडी सैल असलेली तार उद्या दगा देते.

१८८८ च्या त्या प्रवासाला आणखी एक बाजू आहे. फॉर्झहाइमपासून सुमारे तीस किलोमीटरवर कार्ल्सरूअ आहे. बेन्झ तिथल्याच तंत्रशाळेत शिकला होता, आणि त्याच तंत्रशाळेत त्या वर्षी हाइनरिख हर्ट्झ प्राध्यापक होता. त्याच्या टेबलावरही रुमकॉर्फचेच वेटोळे होते. धातूच्या दोन गोळ्यांमध्ये ठिणगी पाडली, की खोलीत दूर ठेवलेल्या कड्याच्या फटीतही बारीक ठिणगी दिसते, हे त्याने दाखवले. विद्युतचुंबकीय लहरींचा तो पुरावा होता. एकाच उपकरणापासून, एकाच प्रदेशात, मोटार आणि रेडिओ अशा दोन वाटा फुटल्या.

या वाटा पुढे एकमेकींना आडव्या आल्या. १९०२ साली बॉश कंपनीत होनोल्डने उच्च विभवांतराचा मॅग्नेटो बनवला. पुढे केटरिंगने विद्युतघट, वेटोळे आणि वितरक यांची जोडणी भरवशाची केली. एक वेटोळे आणि प्रत्येक प्लगला एक लांब तार, ही रचना रूढ झाली. १९३० च्या सुमारास मोटारीत रेडिओ बसू लागला, तेव्हा गाण्याऐवजी खरखर ऐकू येऊ लागली. प्रत्येक प्लग म्हणजे हर्ट्झचा छोटा प्रक्षेपकच होता, आणि तार त्याची अँटेना! लोखंडी बॉनेट या लहरी बऱ्याच अडवते. पण १९५३ साली आलेल्या शेव्हरोले कॉर्व्हेट या अमेरिकन स्पोर्ट्स कारचे अंग फायबरग्लासचे होते. ते लहरी अडवत नाही. म्हणून तिच्या प्रज्वलनाच्या भागांवर धातूची खास झाकणे बसवावी लागली. १९५५ पासून तिच्यात आठ सिलिंडरांचे इंजिन आले. त्यात पाचवा आणि सातवा हे शेजारी सिलिंडर लागोपाठ पेटतात. त्यांच्या तारा समांतर आणि चिकटून ठेवल्या, तर एकीतल्या विजेचा परिणाम दुसरीत उमटून सातव्यात अवेळी ठिणगी पडू शकते. म्हणून जाणता मेकॅनिक निसटलेली तार नुसती बसवत नाही, ती शेजारणीपासून दूरही ठेवतो.

पुढे तांब्याऐवजी कार्बनयुक्त, रोध असलेल्या तारा आल्या आणि खरखर कमी झाली. आज बहुतेक नव्या पेट्रोल गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र वेटोळे बसते आणि लांब तार नाहीशी झाली आहे. अनेक मोटारसायकलींवर मात्र ती अजून दिसते. मुलांना ती जरूर दाखवा, अर्थात इंजिन बंद असताना.

वर्गात हर्ट्झचा प्रयोगही करता येतो. साध्या एएम रेडिओवर दोन केंद्रांमधली मोकळी जागा लावा आणि जवळ, पण शेगडीपासून दूर, स्वयंपाकघरातला ठिणगीचा लायटर दाबा. दर ठिणगीला रेडिओत 'कट्' ऐकू येईल. मग मुलांना विचारा: हा आवाज थांबवायचा असेल तर लायटरभोवती काय गुंडाळाल? बर्थाच्या पट्ट्याने काम होईल का? नसेल, तर का नाही?