किती प्राणवायू पुरेसा?

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचे वजन कमी असते, त्याची फुप्फुसे कच्ची असतात, हे आपल्याला ठाऊक असते. त्याच्या डोळ्यांची घडणही अपुरी असते, हे मात्र सहसा लक्षात येत नाही. डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला दृष्टिपटल असते. त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या गर्भाच्या सुमारे १६व्या आठवड्यात वाढू लागतात. डोळ्याची नस जेथे आत शिरते तेथून निघून त्या वेलीसारख्या कडेकडे पसरतात. नाकाकडची कड आधी गाठली जाते. कानशिलाकडच्या लांबच्या कडेला पोचेपर्यंत ४० आठवडे होत येतात. २८व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यात ही वेल वाटेतच असते. उरलेली वाढ तिला बाहेरच्या जगात पुरी करावी लागते.

बॉस्टनचे नेत्रतज्ज्ञ थिओडोर टेरी यांनी १९४२ साली एका नव्याच आजाराची नोंद केली. अपुऱ्या दिवसांच्या काही बाळांच्या डोळ्यांत, भिंगाच्या मागे, पांढुरका पडदा तयार झाला होता आणि बाळे आंधळी झाली होती. हा दोष जन्माआधीचाच असावा, असे प्रथम वाटले. पण जन्मानंतर लगेच डोळे तपासले, तर ते निर्दोष दिसत. बिघाड काही आठवड्यांनी सुरू होई. म्हणजे कारण जन्मानंतरच्या काळात शोधायला हवे होते. प्रकाश, जीवनसत्त्वे, लोह अशा अनेक गोष्टींवर संशय घेतला गेला. तोवर आंधळ्या मुलांची संख्या वाढतच होती. १९५३ सालापर्यंत जगभरात ती सुमारे १०,००० झाली, असा अंदाज आहे. १९५० साली अमेरिकेत सहा आठवडे आधी जन्मलेला गायक स्टीव्ही वंडर हा त्यांपैकीच एक. चमत्कारिक गोष्ट अशी की, हा आजार उत्तम सोयी असलेल्या रुग्णालयांत जास्त आढळे.

उपाय शोधण्याची घाई कशी फसवते, याचे एक उदाहरण येथे सांगितलेच पाहिजे. न्यूयॉर्कमध्ये विल्यम सिल्व्हरमन आणि त्यांचे सहकारी अशा बाळांना एसीटीएच नावाचे संप्रेरक देऊ लागले. पहिल्या ३१ बाळांपैकी २५ बाळांची दृष्टी चांगली राहिली. हे यश डोळे दिपवणारे होते. तरीही सिल्व्हरमन यांनी रीतसर कसोटी घ्यायचे ठरवले. पेटीतून पांढरी किंवा निळी गोटी काढायची आणि कोणत्या बाळाला औषध द्यायचे हे त्यावरून ठरवायचे. औषध घेतलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश बाळे आंधळी झाली. औषध न घेतलेल्यांपैकी केवळ एक पंचमांश. शिवाय औषध घेतलेल्यांत मृत्यूही अधिक झाले. बहुतेक बाळांचा आजार सुरुवातीच्या अवस्थेतून आपोआपच ओसरतो आणि त्याचे श्रेय औषधाला मिळाले होते. आमच्या मते, विज्ञानाच्या तासाला तुलनेसाठी दुसरा गट का लागतो हे शिकवायला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

खरा धागा मेलबर्नमध्ये सापडला. केट कॅम्पबेल या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९५१ साली तेथील तीन संस्थांची तुलना केली. एका ठिकाणी काचेच्या पेटीतल्या बाळांना प्राणवायू सढळ हाताने दिला जाई. इतर ठिकाणी तो बेताने वापरत. त्याचा खर्च हेही त्यामागचे एक कारण होते. सढळ वापराच्या ठिकाणी सुमारे १९ टक्के बाळांना हा आजार झाला होता, बेताच्या वापराच्या ठिकाणी सुमारे ७ टक्के. ज्या वायूने बाळाचे ओठ निळ्याचे गुलाबी होतात, तोच डोळे घेत असेल, यावर सहजी कोण विश्वास ठेवील? वॉशिंग्टनमध्ये आर्नल पॅट्झ यांनी दोन गट करून प्रयोग सुरू केला, तेव्हा कमी प्राणवायूच्या गटातील बाळांची दया येऊन काही परिचारिका रात्री गुपचूप तोटी सोडत. त्यांना दोष देता येत नाही.

पुढे अमेरिकेतील १८ रुग्णालयांनी एकत्र येऊन १९५३-५४ साली मोठी पाहणी केली. नेहमीप्रमाणे प्राणवायू मिळालेल्या गटात कायमची इजा झालेल्या बाळांचे प्रमाण सुमारे तिप्पट निघाले. दोन्ही गटांतील मृत्यूंत लक्षणीय फरक दिसला नाही. लंडनचे नॉर्मन ॲश्टन यांनी मांजरीच्या पिलांवर प्रयोग करून यामागची प्रक्रिया दाखवली. गर्भाच्या रक्तात प्राणवायू कमीच असतो. वाढत्या दृष्टिपटलाला तो अपुरा पडतो, आणि ही उणीवच वाहिन्यांना पुढे वाढायला लावते. बाहेरून भरपूर प्राणवायू मिळाला की ही प्रेरणा थांबते, कोवळ्या वाहिन्या आकसून मिटतात. बाळ साध्या हवेत आले की उपाशी दृष्टिपटल एकदम जोराने मागणी करते. मग वाहिन्या वेड्यावाकड्या वाढतात, त्यांतून रक्त स्रवते, व्रण धरतात आणि ते व्रण दृष्टिपटलाला ओढून सोडवतात.

यानंतर ४० टक्क्यांहून अधिक प्राणवायू द्यायचा नाही, असा दंडक रूढ झाला. अंधत्व झपाट्याने कमी झाले. पण त्या मोठ्या पाहणीत एक भोक राहून गेले होते. तिच्यात बाळे जन्मानंतर ४८ तासांनी घेतली गेली होती. पहिल्या दोन दिवसांतले मृत्यू मोजलेच गेले नव्हते. कच्च्या फुप्फुसांच्या बाळाला सर्वाधिक गरज नेमकी त्याच दोन दिवसांत असते. केनेथ क्रॉस यांनी १९७३ साली 'लॅन्सेट'मध्ये हिशेब मांडला: एका बाळाची दृष्टी वाचवताना सुमारे १६ बाळांचे प्राण गेले असावेत. हा अंदाज होता. पण अंधत्व नजरेसमोर वावरते आणि मृत बाळ केवळ आकड्यात उरते, हे त्याने दाखवून दिले.

पेटीतल्या हवेऐवजी बाळाच्या रक्तातला प्राणवायू मोजता येऊ लागला, तेव्हा कोठे मार्ग दिसला. करोनाच्या साथीत आपल्याकडे घरोघरी पोचलेल्या, बोटाला लावायच्या यंत्राची कल्पना जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली मांडली होती. तरी नेमके किती टक्के ठेवावे, हा प्रश्न राहिलाच. २८ आठवड्यांआधी जन्मलेल्या सुमारे ५,००० बाळांवर पाच चाचण्या झाल्या. त्यांचा एकत्रित निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला. रक्तातील प्राणवायूची पातळी ८५ ते ८९ टक्के राखण्याचे ठरवलेल्या गटात १९.९ टक्के बाळे दगावली. ९१ ते ९५ टक्क्यांच्या गटात १७.१ टक्के. उलट डोळ्यांवर उपचार करावे लागण्याचे प्रमाण पहिल्या गटात १०.९ टक्के होते आणि दुसऱ्यात १४.९ टक्के. आता बहुतेक ठिकाणी वरची पातळी राखतात आणि डोळे वारंवार तपासतात.

भारतात हा आजार पाश्चात्त्य देशांच्या मानाने अधिक वजनाच्या बाळांनाही होतो. मोजमापाशिवाय दिलेला शुद्ध प्राणवायू हे त्याचे एक कारण आहे. म्हणून ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा २,००० ग्रॅमहून कमी वजनाच्या प्रत्येक बाळाचे डोळे ३० दिवसांच्या आत तपासावेत, असा नियम आहे. फारच लहान बाळांसाठी ही मुदत २ ते ३ आठवड्यांची आहे. लेसर किंवा डोळ्यात टोचायचे औषध वेळेवर मिळाले, तर दृष्टी बहुधा वाचते. कर्नाटकात २००८पासून प्रशिक्षित तंत्रज्ञ कॅमेरा घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांच्या रुग्णालयांत जातात आणि चित्रे बंगळूरच्या तज्ज्ञांकडे पाठवतात.

ही बाळे पुढे आपल्याच वर्गात येतात. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख असते, आठवडे नसतात. ते पालकांना विचारावे लागतात. या मुलांत लघुदृष्टी आणि तिरळेपणा जास्त आढळतो. उपचार झालेल्या डोळ्यांतही दृष्टिपटल पुढे अनेक वर्षांनी सुटू शकते. तेव्हा चष्म्याचा नंबर भराभर वाढू लागला, तर मुलाला नेत्रतज्ज्ञाकडे लवकर न्यावे. डोळ्यांपुढे एका बाजूने सावली येते किंवा वीज चमकल्यासारखे होते, असे मूल सांगू लागले, तर त्याच दिवशी न्यावे.