पहिल्या धारेची पारख

नागपूरजवळच्या कळमेश्वरची आजची ओळख संत्र्यांची आणि औद्योगिक वसाहतीची असली, तरी त्याभोवतीच्या नागपूर प्रांतात मद्याची पारख करण्याची जुनी रीत घडली ती मोहफुलांच्या दारूभोवती. फाल्गुन-चैत्रात पहाटे झाडाखाली पडणारी, साखरेने भरलेली फुले वेचून वाळवली जात, ती पाण्यात आंबवून ‘सडवा’ तयार होई, आणि सडव्याची वाफ थंड करून दारू गाळली जाई; परंपरेने हा व्यवसाय कलार समाजाकडे होता. भट्टीतून प्रथम गळणारी ती पहिली धार, सर्वांत कडक. पुढे पाण्याचा अंश वाढत जाई. पारखी माणूस थोडी दारू निखाऱ्यावर टाकून निळी ज्योत पाही, तळहातावर चोळून वास घेई, बाटली हलवून बुडबुडे किती वेळ टिकतात ते बघे. ही पारख केवळ कडकपणाची नव्हती, कारण फुले कुजकट होती की सडवा करपला, हे वासच सांगत असे.

ब्रिटिश अमलात, नागपूर ज्यात मोडे त्या मध्य प्रांतात आधी भट्टीचे मक्ते दिले जात आणि मक्तेदार स्वतःच दारू गाळी. पुढे मोठ्या मध्यवर्ती भट्ट्यांतून दारू पुरवून तिच्या तीव्रतेनुसार कर घेण्याची पद्धत रुजली, आणि १९१५ च्या अबकारी कायद्याने या कारभाराला चौकट दिली. तीव्रता मोजण्यासाठी हायड्रोमीटर आले, म्हणजे द्रवात तरंगणारे असे उपकरण की जे मद्यार्क जास्त असेल तितके खोल बुडते. मापाचा आधार होता ‘प्रूफ’, सुमारे ५७ टक्के मद्यार्क. या शब्दामागेही दारूत भिजवलेली बंदुकीची पूड पेटते का, ही इंग्लंडमधली जुनी परीक्षा होती, तेव्हा अग्निपरीक्षा दोन्हीकडे सारखीच म्हणावी लागेल. फरक पडला तो असा की कराला तीव्रतेशीच कर्तव्य असल्यामुळे मोहाचा गंध सरकारी मोजमापाबाहेर राहिला, आणि हे नुकसान फार मोठे आहे.

आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या बोहेमियातील पिल्झेन शहरात याच्या उलट घडले. तेथे १८४२ मध्ये योझेफ ग्रोल या बव्हेरियन कारागिराने फिकट माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, मऊ पाणी आणि झाटेत्सचे हॉप्स, म्हणजे कडवट चवीची फुले, यांतून सोनेरी, नितळ बिअर बनवली. तिच्या पारखीत पारदर्शकता, पांढरा फेस, हॉप्सचा कडवटपणा यांना स्वतंत्र मोल मिळाले; लोण्यासारखा हलका गंध चेक पारखी चालवून घेतात, जर्मन पारखी त्याला दोष मानतात, इतकी बारीक ही पारखीची भाषा आहे. चेक बिअरवरचे ‘१२ अंश’ हेही मद्यार्काचे नव्हे, तर आंबवण्यापूर्वीच्या रसातील विरघळलेल्या, मुख्यतः साखरेच्या, अंशाचे माप असते.

मोहाला अशी भाषा लाभली नाही; उलट पुढे कायद्याचे बंधनच आले. १९५६ मध्ये नागपूरसह विदर्भ मुंबई राज्यात आला. त्या राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यात खुद्द मोहफुलांवरही नियंत्रण होते.